लाल आणि निळा असे दोन डाग एकत्र असलेल्या बाळाचे डोळे कसे सांभाळावेत

बाळाच्या चेहऱ्यावर जन्मतःच डाग दिसला की घरात सर्वांत आधी विचार होतो तो त्वचेचा. डाग जाईल का, किती वर्षांत जाईल, मुलगी असेल तर पुढे कसे होईल, आणि गरोदरपणात ग्रहण नीट पाळले होते की नाही, ही चर्चा बारशाच्या आधीच सुरू झालेली असते. डाग कपाळावर आणि वरच्या पापणीवर असेल तर मात्र पहिला प्रश्न डोळ्याचा असायला हवा. त्यातही डाग दोन प्रकारचे असतील, म्हणजे एक लालसर-जांभळा आणि दुसरा निळसर-राखाडी, तर पहिल्या काही आठवड्यांतच बाळाला नेत्रतज्ज्ञांकडे न्यायला हवे. हे दोन्ही डाग त्वचेपुरते राहतीलच असे नसते. तेच बदल डोळ्याच्या आतही झालेले असू शकतात, आणि तेथे त्यांचा परिणाम काचबिंदूच्या, म्हणजे डोळ्यातला दाब वाढून दृष्टीची नस खराब होत जाण्याच्या, रूपाने दिसतो. डोळ्यातील दुसऱ्या एखाद्या दोषामुळे उद्भवणाऱ्या अशा काचबिंदूला दुय्यम काचबिंदू म्हणतात. यातील प्रत्येक डाग एकटाही काचबिंदूला पुरेसा ठरू शकतो. दोन्ही एकाच डोळ्याभोवती असतील तर धोका आणखी वाढतो.

डाग ओळखताना

लाल डागाचे प्रचलित नाव ‘पोर्ट-वाइन स्टेन’ असे आहे. तो जन्मापासून असतो, त्वचेच्या पातळीतच असतो, बहुधा चेहऱ्याच्या एका बाजूला असून मध्यरेषेपाशी थांबतो, आणि बाळ रडू लागले की गडद होतो. सावळ्या वर्णावर तो बराच पुसट दिसतो, म्हणून अंघोळीनंतर खिडकीजवळच्या उजेडात बाळाचा चेहरा नीट न्याहाळावा. दोन गोष्टींशी याची गल्लत होते. भुवयांच्या मधोमध किंवा मानेच्या मागे अनेक बाळांना फिकट गुलाबी डाग असतो. चेहऱ्यावरचा असा डाग बहुतेक वेळा एक-दोन वर्षांत विरून जातो. दुसरे म्हणजे जन्मानंतरच्या काही आठवड्यांत फुगत जाणारी आणि पुढे आपोआप बसणारी लालभडक गाठ, जिला हेमँजिओमा म्हणतात. पोर्ट-वाइन डाग विरतही नाही आणि बसतही नाही. वयाबरोबर तो अधिक जांभळा आणि जाड होतो. त्यामुळे ‘मोठेपणी जाईल’ हा वडीलधाऱ्यांचा दिलासा या डागाला लागू पडत नाही.

निळ्या डागाचे वर्णन जपानी त्वचारोगतज्ज्ञ ओटा यांनी १९३९ मध्ये केले, म्हणून तो ‘ओटाचा नीलडाग’ किंवा ‘नेव्हस ऑफ ओटा’ या नावाने ओळखला जातो. तो आशियाई वंशाच्या लोकांत अधिक आढळतो. कपाळ, पापण्या, गालाचा वरचा भाग आणि कानशील येथे त्वचेला राखाडी-निळी छटा येते, आणि ज्याकडे घरच्यांचे लक्ष जात नाही ते म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरही पाटीच्या रंगाचे ठिपके असतात. हे पाहण्यासाठी बाळ जागे असताना दिवसाच्या उजेडात वरची पापणी अलगद उचलावी, आणि बाळ खाली, वर, डावीकडे, उजवीकडे पाहील तसे चारही बाजूंचे पांढरे तपासावे. भारतीय बाळांच्या कंबरेवर आणि पाठीवर जे निळसर डाग नेहमी दिसतात ते बहुधा निरुपद्रवी असतात आणि काही वर्षांत फिके होतात. चेहऱ्यावरचा ओटाचा डाग तसा जात नाही. काहींच्या बाबतीत तो जन्मतः नसून वयात येताना उमटतो, म्हणून लाल डाग असलेल्या मुलामुलींच्या डोळ्याचे पांढरे पौगंडावस्थेत पुन्हा एकदा पाहावे.

आता नावांविषयी, कारण फाइलमध्ये ती येतील आणि गोंधळ होईल. लाल डागाबरोबर मेंदूच्या आवरणातील रक्तवाहिन्या आणि डोळा यांपैकी काही बाधित असेल तर त्याला स्टर्ज-वेबर विकार म्हणतात. स्टर्ज यांनी १८७९ मध्ये चेहऱ्यावर असा डाग आणि आकडी असलेल्या मुलीचे वर्णन केले होते, आणि वेबर यांनी १९२२ मध्ये मेंदूतील बदल क्ष-किरणांवर दाखवले. लाल आणि निळे डाग एकत्र असण्याला फॅकोमॅटोसिस पिगमेंटोव्हॅस्क्युलारिस असे लांबलचक नाव असून त्याची पहिली नोंद १९४७ मध्ये जपानमध्ये झाली. एकाच मुलाच्या कागदांवर ही दोन्ही नावे असणे ही डॉक्टरांची चूक नव्हे. दोन्ही निदाने एकाच वेळी खरी असू शकतात.

कारणाबाबतही स्पष्ट असावे. २०१३ मध्ये स्टर्ज-वेबरमागे आणि २०१६ मध्ये या जोड-डागांमागे जीएनएक्यू आणि जीएनए११ या कुटुंबातील जनुकांतील बदल असल्याचे दिसून आले. हा बदल गर्भ अगदी लहान असताना त्याच्या एखाद्या पेशीत होतो आणि त्या पेशीपासून बनणाऱ्या भागापुरताच राहतो. तो सहसा आईवडिलांकडून आलेला नसतो, आणि ग्रहणात आईने भाजी चिरली किंवा नाही याचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो. हे वाक्य सासरच्या मंडळींसमोर डॉक्टरांच्याच तोंडून वदवून घ्यावे, असा माझा सल्ला आहे. त्यामुळे पुढच्या अनेक वर्षांच्या धावपळीत आईवरचे एक ओझे कमी होते.

दाब का वाढतो

डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होते आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून ते बाहेर पडून शिरांच्या रक्तात मिसळते. भरपावसात समुद्राला भरती आली की मुंबईत काय होते ते आठवावे. रस्त्यावरची गटाराची जाळी कचऱ्याने तुंबली असेल तर पाणी खाली जातच नाही. जाळी मोकळी असली तरी समुद्राची पातळी गटाराच्या तोंडापेक्षा वर चढली की पाणी पुढे सरकत नाही. या बाळांच्या डोळ्यात दोन्ही गोष्टी घडू शकतात. जन्मतःच जाळीची घडण अपुरी राहिलेली असू शकते आणि निळ्या डागाच्या रंगद्रव्याच्या पेशी त्याच जाळीत साठलेल्या असू शकतात. त्यातच लाल डागामुळे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या शिरा फुगलेल्या असतात, आणि एरवी पाऱ्याच्या ८ ते १० मिलिमीटर इतका असणारा त्यांच्यातील दाब वाढलेला असतो, म्हणजे बाहेर भरती लागलेली असते.

उपचार समजून घेण्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. बाहेरच्या शिरांमधील दाबच जास्त असेल, तर पाणी कमी तयार करणारे थेंब कितीही घातले तरी डोळ्याचा दाब एका मर्यादेखाली उतरत नाही. ‘औषध बदलून पाहू’ असे म्हणत महिने घालवण्यात अर्थ नसतो तो यासाठी. काचबिंदू कोणत्या वयात दिसेल हेही बरेचसे यावरूनच ठरते. स्टर्ज-वेबर असलेल्यांपैकी साधारण ३० ते ७० टक्के व्यक्तींना काचबिंदू होतो, असे निरनिराळ्या पाहण्यांतून दिसते. त्यांतील सुमारे ६० टक्क्यांना तो तान्हेपणीच होतो, बहुधा जाळीच्या दोषामुळे, आणि उरलेल्यांना तो शाळेच्या वयात किंवा विशीपर्यंत होतो, बहुधा शिरांच्या दाबामुळे. पहिल्या वर्षी दाब ठीक आला म्हणून फाइल कपाटात ठेवून देणे ही या आजारातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

घरी काय पाहावे

तान्ह्या बाळाच्या डोळ्याचे कवच मऊ असल्यामुळे आतला दाब वाढला की डोळाच ताणून मोठा होतो. आपल्याकडे नेमकी हीच गोष्ट कौतुकाची ठरते. ‘किती टपोरे डोळे आहेत हो!’ असे पाहुणे म्हणतात, आजी दृष्ट काढते, आणि तीन महिने निघून जातात. टपोरे डोळे दोन्हीकडे सारखे असतील आणि बाळ उजेडात निवांत पाहत असेल तर बहुधा चिंता नसते. पण डागाच्या बाजूचे बुबुळ दुसऱ्यापेक्षा मोठे वाटत असेल तर कौतुक थांबवून मोजमाप करून घ्यावे. नवजात बाळाच्या बुबुळाच्या पारदर्शक भागाचा आडवा व्यास साधारण साडेनऊ ते साडेदहा मिलिमीटर असतो. जन्माच्या वेळी तो ११ च्या वर किंवा पहिल्या वर्षात १२ च्या वर असेल तर काचबिंदूची शंका घ्यावी लागते. हे माप घरी पट्टीने घ्यायचे नसते. घरी इतकेच करावे की दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी, त्याच खिडकीपाशी, तेवढ्याच अंतरावरून, बाळ समोर पाहत असताना दोन्ही डोळ्यांचा एक फोटो काढून ठेवावा. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना न दिसलेला फरक सहा फोटो ओळीने लावल्यावर दिसतो.

याखेरीज तीन खुणा आहेत आणि त्या बहुधा एकत्र येतात: डोळ्यातून सतत पाणी येणे, उजेड सहन न होणे, आणि पापण्या घट्ट मिटून घेणे. अंगणात नेले की बाळ आईच्या खांद्यात तोंड खुपसते आणि आत आणले की मान वर करते, हे वर्णन ऐकले की अनुभवी डॉक्टर लगेच सावध होतात. बाळाच्या डोळ्यातून पाणी येण्याचे नेहमीचे कारण नाकाकडे जाणारी नळी बंद असणे हे असते आणि त्यासाठी नाकाच्या मुळाशी मालिश करायला सांगतात. त्या प्रकारात चिपडे धरतात, पण बाळ उजेडाला घाबरत नाही. चेहऱ्यावर डाग असेल तर दाब मोजल्याशिवाय केवळ मालिशवर थांबू नये. बुबुळ धुरकट किंवा निळसर-पांढरे दिसू लागले, तर ती वाट पाहण्याची गोष्ट राहत नाही. त्याच दिवशी डोळ्यांचे रुग्णालय गाठावे.

तीन-चार वर्षांनंतर डोळ्याचे कवच घट्ट झालेले असते, त्यामुळे त्यापुढे दाब वाढला तरी डोळा मोठा होत नाही, पाणी येत नाही, दुखतही नाही. दृष्टीची नस आतल्या आत वाळत जाते. त्या वयानंतर घरच्या निरीक्षणावर भिस्त ठेवता येत नाही. तपासणीची ठरलेली तारीख पाळणे एवढेच हाती राहते.

तपासणीला जाताना

पहिली तपासणी जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, मग पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी, त्यानंतर काही वर्षे दर सहा महिन्यांनी, आणि पुढे आयुष्यभर वर्षातून किमान एकदा, असा क्रम सर्वसाधारणपणे धरतात. काचबिंदू सुरू झाला असेल तर डॉक्टर तो बदलतील. जिल्ह्याच्या ठिकाणच्या नेत्रतज्ज्ञांकडून सुरुवात करण्यास हरकत नाही, पण लहान मुलांच्या काचबिंदूचे काम नेहमी करणाऱ्या केंद्रात निदान एकदा तरी बाळाला दाखवावे, हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय आणि दिल्लीच्या एम्समधील नेत्रकेंद्र येथे महाराष्ट्रातून रुग्ण जात असतात. गाव लहान असेल तर अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला बाळ दाखवून पुढच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी मागता येते.

बाळ रडले की दाबाचा आकडा खोटा वाढतो, म्हणून एक साधी युक्ती करावी. निघण्यापूर्वी बाळाला पोटभर पाजू नये; थोडे भुकेले ठेवावे आणि डॉक्टर समोर बसले की मग पाजायला घ्यावे. दूध ओढता ओढता बाळ डोळे अर्धवट मिटते, आणि डोळ्याला क्षणभर टेकून उडणाऱ्या बारीक सुईसारख्या टोकाच्या यंत्राने त्या अवस्थेत दाब मोजता येतो. त्याला भुलीचे थेंबही लागत नाहीत. प्रौढांमध्ये १० ते २१ हा दाब सर्वसाधारण मानतात, बाळांमध्ये तो त्याहून कमी असतो. त्यामुळे बाळाचा दाब २० आला तर ‘नॉर्मल आहे’ हे ऐकून समाधान मानू नये, दुसऱ्या डोळ्याचा किती आला ते विचारावे. दोन डोळ्यांतील फरक हा एकट्या आकड्यापेक्षा बरेचदा अधिक बोलतो.

पुष्कळदा भूल देऊन सविस्तर तपासणी करावी लागते. त्या सकाळी उपाशी ठेवण्याच्या वेळा भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्याव्यात. सर्वसाधारणपणे साधे पाणी दोन तास, आईचे दूध चार तास आणि वरचे दूध सहा तास आधी थांबवतात. आकडीचे औषध चालू असेल तर ते मनानेच चुकवू नये, कसे द्यायचे ते विचारावे. डाग ओठावर, हिरड्यांवर किंवा तोंडाच्या आत पसरला असेल तर ते भूलतज्ज्ञांना आवर्जून दाखवावे, कारण श्वासनळीत नळी घालताना तेथून रक्त येऊ शकते. भुलीत दाबाचा आकडा बहुधा कमी येतो, हेही लक्षात असू द्यावे.

‘डोळे आले’ असे वाटते तेव्हा

हा भाग मी मुद्दाम स्वतंत्र ठेवला आहे, कारण या मुलांचे टाळता येण्याजोगे नुकसान येथे होते. डागाच्या बाजूच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फुगलेल्या शिरा असतात, त्यामुळे तो डोळा एरवीही लालसर दिसतो. शेजारचे कोणीतरी ‘डोळे आलेत’ म्हणते, औषधांच्या दुकानातून थेंब आणले जातात, आणि त्या बाटलीत प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइड असते. स्टेरॉइडने लाली दोन दिवसांत कमी होते, म्हणून पुढच्या वेळीही तीच बाटली आणली जाते. स्टेरॉइडचे थेंब डोळ्याचा दाब वाढवतात. ज्या डोळ्याची जाळी आधीच तुंबलेली आहे त्याला हा दुहेरी मार असतो. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा फ्लुओरोमेथोलोन यांपैकी कोणताही शब्द असेल, तर नेत्रतज्ज्ञांच्या चिठ्ठीशिवाय ती वापरू नये. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर स्वतःच असे थेंब देतात. ते त्यांनी सांगितलेल्या मुदतीत घालावेत आणि उरलेली बाटली फेकून द्यावी.

थेंब घालण्याची रीत

बाळाला दोन्ही पायांच्या मध्ये, डोके आपल्याकडे करून उताणे निजवावे. हात धुवावेत. खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढली की एक छोटा खळगा तयार होतो, त्यात एकच थेंब टाकावा. दुसरा टाकला तर तो गालावर ओघळतो, डोळ्यात राहत नाही. बाळ डोळे घट्ट मिटत असेल तर नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब ठेवून वाट पाहावी, डोळा उघडला की तो आत जातो. त्यानंतर त्याच कोपऱ्यावर तर्जनीने दोन मिनिटे हलका दाब धरावा. ही दोन मिनिटे कंटाळवाणी वाटतात, पण त्यामुळे औषध नाकात उतरून रक्तात मिसळत नाही, आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत ते फार मोलाचे असते. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्यावीत.

औषधांतील काही धोके पालकांनी स्वतः ओळखावेत. ब्रिमोनिडीन हे औषध दोन वर्षांखालील मुलाला देऊ नये. त्याने बाळ गुंगीत जाते, अंग थंड पडते आणि श्वास मंदावतो. भारतात ते टिमोलॉलबरोबर एकाच बाटलीत मिसळूनही मिळते, म्हणून दुकानदाराने ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ असे म्हणत दुसरी बाटली दिली तर लेबलवरील सर्व घटक वाचल्याशिवाय ती घेऊ नये. टिमोलॉलने नाडी मंद होऊ शकते आणि दम लागू शकतो. बाळाला बालदमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. लॅटानोप्रोस्टच्या बहुतेक बाटल्या उघडण्यापूर्वी फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात. विदर्भातल्या मे महिन्यात दुकानातून घरी येईपर्यंतही त्या तापतात, तेव्हा सोबत थर्मासमध्ये बर्फ न्यावा, मात्र बाटली थेट बर्फाला टेकू देऊ नये. याच औषधाने बुबुळाचा रंग गडद होतो आणि पापण्यांचे केस लांब होतात. ज्या डोळ्यात आधीच निळा डाग आहे त्यातला नवा गडदपणा औषधाचा की डागाचा, हे नंतर सांगता यावे म्हणून औषध सुरू करण्यापूर्वीचा एक फोटो जपून ठेवावा.

आकडीची औषधे आणि डोळा

लाल डाग असलेल्या बाळाला मेंदूचाही सहभाग असू शकतो, आणि आकडी बहुधा पहिल्याच वर्षी सुरू होते. तेव्हा बालमेंदूतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ असे दोघेही लागतात, आणि बरेचदा ते दोन वेगळ्या शहरांत असतात. त्यांच्यातला दुवा म्हणजे पालकांच्या हातातली पिशवी. आकडीसाठी दिले जाणारे टोपिरामेट क्वचित, बहुधा सुरुवातीच्या काही आठवड्यांत, दोन्ही डोळ्यांचा दाब अचानक वाढवू शकते. त्या काळात डोळे लाल होणे, दुखणे, अंधुक दिसणे किंवा उलट्या होणे असे काही झाले तर दोन्ही डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. काचबिंदूसाठी पोटातून दिले जाणारे अॅसेटाझोलामाइड आणि टोपिरामेट एकत्र चालू असतील तर रक्तातील आम्लता वाढण्याचा आणि मूतखड्याचा धोका वाढतो. काही मुलांना कमी मात्रेत अॅस्पिरिन दिलेले असते. डोळ्याच्या शस्त्रक्रियेआधी ते शल्यविशारदांना ठाऊक असलेच पाहिजे. म्हणून सर्व औषधांची एकच यादी, मात्रेसह आणि सुरू केल्याच्या तारखेसह, प्रत्येक भेटीत दोन्हीकडे दाखवावी.

शस्त्रक्रिया ठरली तर

तान्ह्या बाळात काचबिंदू असेल तर बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते, आणि थेंब हे तोपर्यंतचा किंवा नंतरचा आधार असतात. जाळीचा मार्ग उघडणे, किंवा पाण्याला डोळ्याच्या पांढऱ्या भागातून नवा मार्ग करून देणे, किंवा दोन्ही एकाच वेळी करणे असे पर्याय असतात. त्यांनी भागले नाही तर बारीक नळी बसवतात. मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये तयार होणाऱ्या नळीमुळे हा पर्याय भारतात बराच आवाक्यात आला आहे. त्या प्रकारची नळी सुरुवातीला विरघळणाऱ्या टाक्याने बांधलेली असते आणि साधारण पाच-सहा आठवड्यांनी तो टाका विरघळून ती उघडते, तेव्हा दाब एकदम खाली येतो. तो आठवडा लग्नकार्याच्या किंवा प्रवासाच्या गडबडीत घालवू नये.

शस्त्रक्रियेआधी विचारण्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा, की डोळ्याच्या पडद्यामागे रक्तवाहिन्यांचा जाड थर आहे का. लाल डागाच्या अनेक डोळ्यांत तो असतो. आतून पाहिल्यावर डागाच्या बाजूचा पडदा दुसऱ्यापेक्षा गडद लाल दिसतो, आणि दोन्ही डोळ्यांत तो असेल तर तुलनेला काही उरत नसल्यामुळे नजरेतून सुटू शकतो. असा डोळा शस्त्रक्रियेत उघडल्यावर दाब एकदम घसरला तर त्या थरातून पाणी किंवा रक्त साठून दृष्टी जाण्याचा धोका असतो. डोळ्याची सोनोग्राफी करून हे आधी पाहता येते, आणि माहीत असेल तर शल्यविशारद दाब हळूहळू उतरवण्याची खबरदारी घेतात. हा प्रश्न विचारण्यात कोणाचाही अपमान नाही.

नवा मार्ग केलेल्या डोळ्यात वरच्या पापणीखाली पाण्याचा बारीकसा फुगवटा राहतो. पुढे कितीही वर्षांनी तो डोळा लाल होऊन दुखू लागला, त्यात पू दिसला किंवा दिसणे कमी झाले तर तो जंतुसंसर्ग असू शकतो, आणि त्यासाठी सकाळपर्यंतही थांबू नये. डोळा चोळण्याची सवय, घट्ट हाताने काजळ घालणे आणि गढूळ पाण्यात पोहणे ही तिन्ही या डोळ्याने कायमची सोडावीत.

दाब उतरल्यावर

दाब आटोक्यात आला की घरच्यांना वाटते काम संपले. पण ताणून मोठ्या झालेल्या डोळ्याला मायनस नंबर येतो, दोन डोळ्यांच्या नंबरांत फरक पडतो, आणि मेंदू अंधुक दिसणाऱ्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. त्यावर उपाय म्हणजे चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर ठरलेल्या तासांची पट्टी, आणि हा उपाय लहान वयातच नीट लागू पडतो. पट्टी लावलेले मूल पहिला आठवडा आकांत करते. जेवण, गोष्ट किंवा आवडीचे कार्टून त्याच तासांत ठेवावे. एकच डोळा चांगला असेल तर पॉलिकार्बोनेटच्या काचांचा चष्मा घ्यावा, क्रिकेट खेळताना तर नक्कीच.

निळ्या डागाचा एक वेगळा हिशेब आहे. त्या डोळ्याच्या आत रंगद्रव्याच्या पेशींचा कर्करोग होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. युरोपीय वंशाच्या रुग्णांत ती आयुष्यभरात सुमारे ४०० मध्ये एक इतकी सांगितली जाते, आपल्याकडे त्याहून कमी. घाबरण्यासारखा हा आकडा नाही, पण वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा, आणि दाब मोजून झाला की तपासणी झाली असे समजू नये. चेहऱ्यावरचे डाग लेझरने फिके करायचे असतील, तर पापणीजवळ काम करताना डोळ्यावर संरक्षक कवच बसवले जाईल याची त्वचातज्ज्ञांशी आधी बोलून खात्री करावी. डाग फिका झाला तरी डोळ्याच्या तारखा बदलत नाहीत.

फाइल

एक जाड वही घ्यावी. प्रत्येक भेटीनंतर एका ओळीत तारीख, उजव्या डोळ्याचा दाब, डाव्या डोळ्याचा दाब, मोजताना मूल जागे होते, झोपले होते की भुलीत होते, बुबुळाचा व्यास, डोळ्याची लांबी, दृष्टीच्या नसेच्या तोंडाशी असलेल्या खळग्याचे प्रमाण, चष्म्याचा नंबर आणि चालू थेंब हे लिहावे. डॉक्टर घाईत असतील तर कागदावरचे आकडे नंतर त्यांच्या सहायकांकडून समजून घ्यावेत. भुलीतला १२ आणि जागेपणीचा १८ यांची तुलना करून कोणी ‘दाब वाढला’ म्हणून घाबरवत असेल, तर याच वहीतल्या चौथ्या रकान्यातून उलगडा होतो. दोन्ही डोळ्यांची दृष्टी बरीच कमी असेल तर शासनाच्या दिव्यांग ओळखपत्रासाठीच्या नेत्रतपासणीतही ही नोंद कामी येते.

मूल दहावीत गेले की ही वही त्याच्याच हाती द्यावी आणि तपासणीच्या खोलीत आधी त्याला बोलू द्यावे. पुढे वसतिगृहात किंवा परगावी नोकरीला जाताना ती त्याच्या बॅगेत असावी, आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत दोन्ही डागांची नावे, झालेल्या शस्त्रक्रिया, बसवलेल्या नळीचा प्रकार, स्टेरॉइडचे थेंब नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घालू नयेत ही सूचना, आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेली असावी.